करडाच्या कातड्याची दहा घुमटे: शाळेच्या पथकाच्या प्रकल्प नोंदी

गोव्यातल्या पर्वरीतले एक सरकारी हायस्कूल. आठवी-नववीची २२ मुले-मुली, तीन शिक्षक आणि दर आठवड्याला येणारे एक ज्येष्ठ वादक काका. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी शाळेत घुमट आरती करायची (घुमट म्हणजे दोन तोंडांच्या मडक्याचे वाद्य, मोठ्या तोंडावर कातडे मढवलेले), आणि तीही मुलांनी स्वतः मढवलेल्या घुमटांवर, एवढेच ठरवले आहे. पुढच्या वर्षीच्या तुकडीला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१५ जून, शनिवार

क्रीडा साहित्याच्या कपाटात चार जुनी घुमटे सापडली. दोनांची कातडी सैल, एकाच्या पोटाला बारीक चीर, चौथ्यावर हिरवट बुरशी. शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायची मातीची नगाऱ्यासारखी वाद्ये, दोन आहेत आणि चालतील. कासाळ्यांचे, म्हणजे झांजांचे, दोन जोडही ठीक आहेत, एकाची दोरी तेवढी बदलायची. म्हणजे खरे काम घुमटांचेच. दहा लागतील.

वेळ असा मिळेल: शनिवारी शाळा सुटल्यावर सव्वा तास, बुधवारी उपक्रमाचा ४० मिनिटांचा तास. चवथीच्या सुट्टीपर्यंत अकरा आठवडे. मढवलेले घुमट पावसाळ्यात वाळायला वेळ खाते, म्हणून जुलैअखेर सगळी घुमटे तयार हवीत आणि ऑगस्ट पूर्ण सरावाला.

कातड्याबद्दलचा नियम पहिल्याच दिवशी मुलांना सांगितला. पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. तिला मारणे, तिचे कातडे विकणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. शाळेत फक्त बकऱ्याचे कातडे येईल, तेही पावतीसह. घरात आजोबांच्या वेळचे घुमट असले तर ते सरावाला आणायचे नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. त्या वाद्यासाठी एकही घोरपड मरता कामा नये, हे मुलांना पहिल्या दिवशीच पटले पाहिजे.

एक तक्रार मात्र सगळीकडे ऐकू येते: बकऱ्याच्या कातड्याला तो आवाज नाही, घुमट 'बद्द' वाजते. कपाटातली दोन घुमटे वाजवून पाहिली, खरेच बद्द वाजली. पण दोष बकऱ्याचा की मढवणाऱ्याचा, हे या प्रकल्पात मोजून पाहायचे आहे.

२२ जून, शनिवार

डिचोलीहून १२ मडकी आली. हवी होती दहा, दोन जादा मागवली. वाटेत आणि मढवताना एक-दोन जातात हे धरूनच चालावे. भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, मोठे तोंड खाली करून खोक्यांत भरली होती, वाटेत एकही फुटले नाही. कुंभारमामांनी उन्हाळ्यात भाजलेला माल दिला. पावसात भट्टी ओली राहते, मडकी कच्ची निघतात, ती काठाला ठिसूळ असतात. मडकी मागवायची तर एप्रिल-मेमध्येच मागवावीत.

प्रत्येक मडके तीन प्रकारे तपासले.

पहिले, टिचकी. मडके तळहातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने पोटावर तीन ठिकाणी वाजवायचे. टणक, लांबणारा आवाज आला तर भाजणी चांगली. एका जागी आवाज मेला तर तिथे चीर आहे. दुसरे, पाणी. ओल्या फडक्याने बाहेरून पुसून दोन मिनिटे पाहायचे. सगळी माती सारखी सुकत जाते, पण चीर असेल तिथे गडद रेघ उरते. सात नंबरला काठापासून चार सेमीची अशी रेघ दिसली, ते बाजूला काढले. तिसरे, काठ. मोठ्या तोंडाचा काठ बाहेर वळलेला असतो आणि त्याच्या खालच्या खाचेत दोरी बसते. हा वळलेला ओठ निदान १२ मिमी बाहेर हवा आणि सगळीकडे सारखा जाड हवा. अकरा नंबरचा ओठ एका बाजूला जेमतेम ६ मिमी होता. तरी ते ठेवले.

मापे सरासरी अशी: उंची ३० सेमी, पोटाचा बाहेरचा व्यास २४, मोठ्या तोंडाचा १८, लहान तोंडाचा आतून ८ सेमी, भिंत ७ ते ८ मिमी, वजन सव्वादोन ते अडीच किलो. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. हा नंबर शेवटपर्यंत बदलायचा नाही, नाहीतर पुढच्या मोजण्या कोणाच्या कोणाला लागतील.

२६ जून, बुधवार

आज पोकळी मोजली. मडके नुसत्या भाजलेल्या मातीचे, पाणी भरले तर ते पिते आणि मग दोन दिवस वाळत बसते. म्हणून उकडे तांदूळ वापरले. लहान तोंडाला फडक्याचा घट्ट बोळा, मोठ्या तोंडापर्यंत तांदूळ, मग ते लिटरच्या मापाने मोजायचे. मडके हलवायचे किंवा ठोकायचे नाही. ठोकले की दाणे बसतात आणि माप तीन-चार टक्क्यांनी वाढते. दोन गटांची मापे जुळेनात तेव्हा हेच कारण निघाले: एक गट ठोकत होता, दुसरा नाही. सगळे पुन्हा मोजले. सर्वांत लहान पाच नंबर, ५.४ लिटर. सर्वांत मोठे नऊ नंबर, ६.६ लिटर. बाकीची सहाच्या आसपास.

मग आवाज. मोठे तोंड लाकडी फळीवर ओल्या फडक्याने हवाबंद बसवले आणि लहान तोंडावर तळवा हलकेच आपटून उचलला. 'घुप्' असा जो आवाज येतो तो पोकळीतल्या हवेचा स्वतःचा स्वर. फोनमधल्या वारंवारता दाखवणाऱ्या ॲपवर नऊ नंबर १४७ हर्ट्झ, पाच नंबर १६३, एक नंबर १५२. पोकळी मोठी तसा स्वर खाली. लहान तोंड अर्धे झाकून पुन्हा पाहिले, तर एक नंबर १५२ वरून १२५ च्या आसपास उतरले. मुलांना हे नेमके उलटे वाटत होते, तोंड बारीक केले की स्वर चढेल अशी त्यांची अटकळ. पण हवेला जायला वाट अरुंद झाली की आतली हवा सावकाश हेलकावते आणि स्वर उतरतो. घुमट वाजवताना डावा हात लहान तोंडावर उघडझाप करतो तो यासाठीच. उजव्या हाताची थाप तीच असते, पण डाव्या हाताने तिचा 'घुम्म' वर-खाली करता येतो. नववीच्या ध्वनीच्या धड्याला याहून चांगले उपकरण प्रयोगशाळेत नाही.

२९ जून, शनिवार

कातडी आली: केस काढलेली, वाळवलेली, चार नग. दोन मोठ्या बकऱ्यांची, दोन करडांची. फरक हाताला लगेच कळतो, पण हाताच्या अंदाजावर थांबायचे नाही म्हणून प्रयोगशाळेतला स्क्रू गेज काढला. लघुत्तम माप ०.०१ मिमी. रॅचेट एकदाच 'टक्' होईपर्यंत फिरवायचे, नाहीतर कातडे दाबले जाऊन माप कमी येते. मोठ्या बकऱ्याचे पाठीकडे १.०५ ते १.१५ मिमी, पोटाकडे ०.७. करडाचे पाठीकडे ०.५५ ते ०.६, पोटाकडे ०.४ आणि तिथे ते रबरासारखे ताणते.

१८ सेमी तोंडाला २८ सेमी व्यासाचे वर्तुळ लागते, म्हणजे काठाखाली चोहोबाजूंनी ५ सेमी पकड. ४ सेमी ठेवले तर पक्कड धरायला जागा राहत नाही, ६ ठेवले तर खाली चुण्या जमतात. पाठीच्या कण्याची रेघ वर्तुळाच्या मधोमध यावी किंवा अजिबात येऊ नये. ती एका बाजूला आली तर ती बाजू कमी ताणते आणि कातडे वाकडे बसते. मोठ्या कातड्यातून चार चांगली वर्तुळे निघाली, करडाच्या कातड्यातून तीन-तीन. पोटाकडचे तुकडे शामेळीच्या दुरुस्तीला ठेवले.

उजेडासमोर धरून प्रत्येक वर्तुळ पाहिले. सुरीचा कापा लागलेली जागा उजळ दिसते. अशी एक बारीक उजळ रेघ काठाजवळ असली तर चालते, मध्ये असली तर ते वर्तुळ बाद. असे एक बाद झाले.

६ जुलै, शनिवार

पहिली तीन मढवली: नंबर १, ४ आणि ११. तिन्हींवर मोठ्या बकऱ्याचे जाड कातडे, कारण बहुतेक ठिकाणी तेच वापरतात आणि तुलनेला ते हवे होते.

रीत अशी ठरली. कातडे साध्या पाण्यात भिजवायचे, जाड असेल तर पाच-सहा तास, करडाचे तीन तास. रात्रभर नको. जुलैच्या दमट उबेत ते सकाळपर्यंत वास मारू लागते. लवकर व्हावे म्हणून गरम पाणीही नको. कढत पाण्यात कातडे आखडून शिजते, मग ते ताणत नाही, फाटते. भिजलेले कातडे टॉवेलमध्ये दाबून वरचे पाणी काढायचे. मडक्याचा काठ बारीक पॉलिशपेपरने घासून घ्यायचा, कारण काठावर वाळूचा एक कण उभा असला तरी ताणाखाली कातडे तिथेच कापले जाते.

दोरी सुती, ३ मिमी जाडीची, चार मीटर. गळ्याचा घेर साधारण ५० सेमी, म्हणजे आठ वेढे. नायलॉनची दोरी घसरते आणि ताणाखाली लांबत राहते, सुतळीला ओल लागली की ती कुजते. एकाने मडके दोन मांड्यांत धरायचे, दुसऱ्याने कातडे मध्यावर बसवायचे, तिसऱ्याने दोन सैल वेढे घ्यायचे. मग चपट्या पकडीने समोरासमोर ओढायचे: घड्याळातले १२ आणि ६, नंतर ३ आणि ९, नंतर मधले. एकाच बाजूने गोल फिरत ओढत गेले की सगळी सैल जागा शेवटच्या टोकाला जमते आणि तिथे चुणी पडते. चार ओढींनंतर दोरी आवळून उरलेले सहा वेढे.

ताण किती ठेवायचा यावर बराच वेळ गेला. ओले कातडे अंगठ्याने मध्ये दाबले तर साधारण ५ मिमी आत जावे, असे काकांनी हाताला हात लावून दाखवले. ओले असतानाच ते ढोलासारखे ताठ केले तर वाळताना आखडून एकतर फाटते, नाहीतर काठ तोडते. चार नंबर ओढताना मुलांचा उत्साह जास्त झाला, ते जेमतेम २ मिमी दबत होते. तसेच राहू दिले.

१० जुलै, बुधवार

तिन्ही बिघडली, तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी. तिन्ही कारणे नीट लिहून ठेवतो.

अकरा नंबरचा ओठ तुटला. जिथे तो ६ मिमी होता तिथेच सात सेमीचा तुकडा निघाला. वाळताना कातडे खाली दोरीला वर ओढते, दोरी ओठाला वर रेटते. अरुंद ओठ हे सोसत नाही. मडके निवडतानाच ते बाद करायला हवे होते.

चार नंबरचे कातडे काठाला अर्धवर्तुळात फाटले. अतिताण.

एक नंबर दिसायला चांगले, पण एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला ढिले, आणि ढिल्या बाजूला पांढुरकी बुरशी. ते पंख्याच्या एका बाजूला ठेवले होते. वाऱ्याकडची बाजू आधी वाळून आखडली आणि ओल्या बाजूचे कातडे तिने आपल्याकडे ओढून घेतले. नंतर ओली बाजू वाळली तेव्हा आखडायला कातडेच उरले नव्हते.

प्रयोगशाळेतले कोरडे-ओले तापमापक पाहिले: कोरडे २७.५, ओले २६. म्हणजे हवेत सापेक्ष आर्द्रता जवळपास ८८ टक्के. या हवेत कातडे चोहोबाजूंनी सारखे आणि बुरशी धरण्याआधी वाळवायचे तर वेगळी सोय हवी.

१३ जुलै, शनिवार

जुने लोखंडी कपाट वाळवणीसाठी तयार केले. तळाला ६० वॅटचे दोन तारेचे बल्ब, त्यांवर लोखंडी जाळीचा पिंजरा, पिंजऱ्यापासून ४५ सेमी वर लाकडी पट्ट्यांचा कप्पा. पट्ट्यांत बोटभर फटी. दार चार सेमी उघडे, लाकडाचा ठोकळा लावून. दार पूर्ण बंद केले तर ओल आतच कोंडते आणि बुरशीला घरटे मिळते. एका गटाने आधी एलईडी बल्ब लावले होते. ते उजेड देतात, ऊब जवळजवळ नाही. दोन तासांनी आतले तापमान बाहेरएवढेच होते. तारेचे बल्ब लावल्यावर तासाभरात आत ३६ अंश झाले आणि आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास उतरली. बाष्प तेवढेच असते, हवा तापल्यामुळे ती कोरडी होते.

वायर, होल्डर आणि प्लग हे काम शिक्षकांनीच केले. शाळा सुटताना बल्ब बंद. कपाट रात्री चालू ठेवायचे नाही, कातडे एक-दोन दिवस उशिरा वाळले तरी चालेल.

मडकी कपाटात कातडे वर करून ठेवायची आणि दर दोन तासांनी पाव वळसा फिरवायची. फिरवणाऱ्याने दारावरच्या कागदावर वेळ आणि सही करायची. मधली सुट्टी, जेवणाची सुट्टी आणि शाळा सुटताना, हे तीन फेरे तरी चुकू नयेत.

एक नंबरचे कातडे काढून टाकले. त्याच मडक्यावर आता करडाचे बसवायचे आहे.

२० जुलै, शनिवार

दुसरी खेप: १, २, ५ आणि ९ करडाच्या कातड्याने, ४ पुन्हा जाड कातड्याने पण या वेळी ५ मिमी दाबाच्या हिशोबाने. पाचही कपाटात चार दिवसांत वाळली. एकही फुटले नाही.

काकांनी एक नंबर उचलले, डावा हात लहान तोंडाला लावला, उजव्याने एकच थाप मारली आणि म्हणाले, "हें उलयता." हे बोलते.

२७ जुलै, शनिवार

आज मूळ प्रश्नाची चाचणी. एक नंबर आणि चार नंबर घेतले. दोघांची पोकळी जवळजवळ सारखी, ६.१ आणि ६.० लिटर. एकावर ०.५५ मिमी कातडे, दुसऱ्यावर १.०५. फोन एक मीटरवर, दार-खिडक्या बंद, एकाच मुलाच्या दहा-दहा थापा.

पातळ कातड्याच्या घुमटात थापेचा स्वर आणि पोकळीचा स्वर जवळ येतात आणि एकमेकांना उचलतात. थाप संपल्यावरही 'घुम्म' लांबतो. जाड कातड्याच्या घुमटात थाप ऐकू येते, मागे काही उरत नाही. हेच ते 'बद्द'.

कारण फळ्यावर मांडले. कातड्याचा स्वर त्याच्या ताणावर आणि दर चौरस सेंटिमीटरच्या वजनावर ठरतो. जाडी दुप्पट तर वजन दुप्पट, म्हणजे तोच स्वर मिळवायला ताणही दुप्पट हवा. मातीचा काठ तेवढा ताण सोसत नाही, हे अकरा नंबरने दाखवून दिले आहे. म्हणून मढवणारा जाड कातडे सैलच ठेवतो, आणि दोष मात्र बकऱ्याच्या नावावर जातो. घोरपडीचे कातडे मुळातच पातळ. तेवढ्याच पातळ जाडीचे करडाचे कातडे निवडले, सारखे ताणले, नीट वाळवले, तर घुमट घुमते. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पालकाला हे ऐकवावे असे आम्हाला वाटते. 'तो आवाज नाही' या एका वाक्याच्या आडून घोरपडीच्या कातड्याची मागणी जिवंत राहते.

चार नंबरही करडाच्या कातड्याने बदलायचे ठरले. त्यासाठी आणि उरलेल्यांसाठी करडाची आणखी दोन कातडी मागवली. स्क्रू गेज घेऊन एक शिक्षक स्वतः निवडायला जातील.

३ ऑगस्ट, शनिवार

४, ३, ६, ८, १० आणि १२ मढवली. रीत बसली आहे. तीन मुलांच्या गटाला एका घुमटाला ३५ मिनिटे लागतात, जुलैत सव्वा तास लागत होता.

७ ऑगस्ट, बुधवार

दहाही तयार. पट्टे बसवले: पाच सेमी रुंदीचा जाड सुती पट्टा, एक टोक मोठ्या तोंडाखालच्या दोरीच्या वेढ्यांवर, दुसरे लहान तोंडाच्या गळ्याला. पट्टा कातड्याच्या दोरीला कधी बांधायचा नाही, तिच्या वेढ्यांवरून वेगळी गाठ घ्यायची, नाहीतर घुमटाचे वजन रोज दोरी सैल करत राहते. बारीक दोरीने मान कापते, म्हणून रुंद पट्टा. पट्टा मानेवरून डाव्या काखेखाली. घुमट डाव्या बरगडीला टेकते, कातडे उजवीकडे आणि थोडे वर. आठवीतल्या मुलांना अडीच किलो १५ मिनिटांनंतर जड होते आणि खांदा उचलला जातो. त्यानंतर बसून, मांडीवर घेऊन सराव.

दहा वादकांत चार मुली आहेत. गोव्यात महिलांची घुमट आरती पथके आता ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे यावर कोणाला समजावत बसावे लागले नाही. एका ख्रिस्ती मुलाच्या घरी मांड्याला (मांडो हा गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचा गीत-नृत्यप्रकार) घुमट वाजते. त्याचा डावा हात पहिल्या दिवसापासून सगळ्यांत मोकळा आहे, तोडायची थाप बाकीच्यांना तोच शिकवतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

लय धावते. आठ मात्रांचा ठेका ८० च्या लयीत सुरू केला, पाच मिनिटांत मेट्रोनोमशी ताडून पाहिले तर १०४ वर. आरतीत लय वाढते हे खरे, पण ती वाढवायची असते, वाढू द्यायची नसते. कारण शोधले. धावणारे घुमट नव्हते, कासाळे होते. कासाळ्याचा आवाज सर्वांत धारदार, सगळे नकळत त्याच्या मागे जातात, आणि झांजा उघडायला आळस केला की पुढचा ठोका लवकर पडतो. उपाय: कासाळेवाल्यांनी शामेळीच्या काठीकडे पाहायचे, घुमटवाल्यांनी कासाळ्यांकडे पाहायचे नाही. ठेक्याची सत्ता शामेळीकडे. आठ मिनिटे ८० वरच, चढायचे नाही. मग काकांच्या इशाऱ्यावर ९०, १००, १२०, प्रत्येक टप्प्यावर सोळा आवर्तने.

दुसरी चूक: दहाही जण सगळ्या मात्रा वाजवतात. त्यामुळे गलका होतो. सहा जणांनी साधा ठेका धरायचा, चौघांनी आळीपाळीने भरायचे.

२१ ऑगस्ट, बुधवार

रात्री उंदराने आठ नंबरचा काठ कुरतडला. कातडे म्हणजे त्याला खाद्यच. घुमटे जमिनीवर ठेवली होती, चूक आमची. आता छताच्या आकड्यांवरून लोखंडी तारेने टांगली आहेत, प्रत्येक तारेवर टिनचे उलटे झाकण. आठ नंबर पुन्हा मढवले, शेवटचे करडाचे वर्तुळ संपले.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज शब्दांवर काम. घुमट आरतीच्या आरत्या मराठी, मुले घरी बहुतेक कोंकणी बोलतात आणि वर्गात इंग्रजी. कानावर पडलेले शब्द ती तसेच म्हणतात आणि अर्थ हरवतो. प्रत्येकाने चारही आरत्या वहीत हाताने उतरवल्या, मराठीच्या शिक्षिकेने ओळ-ओळ अर्थ सांगितला. छापलेला कागद वाटून हे होत नाही. लिहिताना मूल अडते, आणि जिथे अडते तिथेच विचारते. 'रत्नखचित'चा 'खचित' तुटक म्हणणारे निम्मे होते. आता 'खचित म्हणजे जडवलेले' हे ठाऊक झाल्यावर उच्चार आपोआप जुळला.

३१ ऑगस्ट, शनिवार

सभागृहात पूर्ण तालीम. पाऊस धो धो, आणि दहापैकी सात घुमटे ढिली. सुकलेले कातडे हवेतली ओल पिते आणि सैलावते, यावर कायमचा इलाज नाही. वाजवण्याआधी शेक द्यावा लागतो. कपाटात २० मिनिटे ठेवली की सगळी चढली. सभागृहात कपाट नेता येणार नाही म्हणून दुसरा प्रयोग: विजेच्या शेगडीपासून दीड हात दूर, कातडे शेगडीकडे, हाताने सतत फिरवत पाच मिनिटे. जवळ नेऊ नये. कातड्याआधी मातीचा काठ एका बाजूने तापतो आणि थंड बाजूशी ओढाताण होऊन मडके तडकते. तळवा कातड्याशेजारी धरावा. तळव्याला सोसवत नसेल तर घुमटालाही सोसणार नाही.

शेक दिलेले घुमट २५ ते ३० मिनिटे टिकते. आपली आरती १८ मिनिटांची. म्हणून शेक आणि सुरुवात यांत सात मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही, मग मध्ये भाषण कितीही महत्त्वाचे असो. मुख्याध्यापकांशी बोलून कार्यक्रमपत्रिका बदलून घेतली: आधी भाषणे, मग माटोळीच्या (गणपतीच्या मूर्तीवर टांगतात त्या चौकटीच्या) फळा-फुलांची ओळख, मग आरती.

४ सप्टेंबर, बुधवार

आरती झाली. ८० ला सुरू, १२४ ला शेवट, मध्ये कुठेही तुटली नाही. सहा नंबरचा पट्टा सुटला, मुलीने खाली बसून मांडीवर घेऊन पुढचा ठेका धरला.

१८ सप्टेंबर, बुधवार

सुट्टीनंतर तपासणी. नऊ घुमटे चांगली. दहा नंबरवर बुरशीचे ठिपके, कारण ते भिंतीला टेकले होते. पांढरा व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, पिळलेल्या फडक्याने पुसून कपाटात एक तास. डाग राहिला, बुरशी गेली.

साठवण: प्रत्येक घुमट जुन्या सुती चादरीच्या पिशवीत, लहान तोंड उघडे. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. भिंतीपासून हातभर दूर टांगायचे. महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, प्रत्येकावर पाच मिनिटे थाप. वाजत राहिलेले कातडे एकसारखे राहते, आणि नवी चीर किंवा सैल दोरी वेळीच कळते.

पुढच्या तुकडीसाठी मागणी लिहून ठेवली: एप्रिलमध्ये सहा मडकी, ओठ १२ मिमीपेक्षा कमी नको. करडाची तीन कातडी, पाठीकडे ०.५ ते ०.६ मिमी, निवडायला स्क्रू गेज घेऊनच जावे. सुती दोरी ३० मीटर. तारेचे बल्ब चार, दुकानात मिळेनासे होण्याआधी. अकरा नंबरचे तुटक्या काठाचे मडके फेकलेले नाही. पहिल्या दिवशी नव्या मुलांच्या हातात तेच द्यायचे.